बटण कुठल्या बाजूला?

(कोल्हापुरातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक काम करा. अंगात शर्ट असेल तर त्याची बटणपट्टी बघा. डावी बाजू उजवीवर येते की उजवी डावीवर? आपलंच बघा, शेजारच्याचं नको. पुरुषाच्या शर्टाची डावी बाजू वर येते, बाईच्या शर्टाची उजवी. ही गोष्ट शिंप्याला माहीत असते आणि दुसऱ्या एका माणसाला हमखास माहीत असते, कस्टमच्या अधिकाऱ्याला.

कॉलेजात शिकवायला लागण्याआधी मी न्हावा शेवा बंदरात मालाचे कागद करणाऱ्या एका कंपनीत नोकरी केली. शिपिंग बिल, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, हे आमचं दिवसभराचं जेवण. जगातल्या प्रत्येक मालाला एक आकडा असतो, त्याला आम्ही एचएस कोड म्हणायचो. ६१ आणि ६२ ही कपड्यांची प्रकरणं. होजिअरीचे कपडे ६१ मध्ये, कापडाचे ६२ मध्ये. तिथे सुरुवातीच्या टिपांमध्ये हा बटणपट्टीचा नियम लिहिलेला आहे. डावी वर तर पुरुषाचा, उजवी वर तर बाईचा. आणि त्याच टिपेत पुढे म्हटलंय की जो कपडा पुरुषाचा की बाईचा हे ओळखता येत नाही, तो बाईचा धरावा.

माझे तेव्हाचे साहेब हे शिकवताना हसले होते. म्हणाले, "बघा मॅडम, शंका आली की बाई." बाईला गृहीत धरलेलं असतं हे आपल्याला घरून माहीत असतंच. पण आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कागदात लेखी गृहीत धरलेली मी तरी तेवढीच पाहिली.

आजचा विषय मी आयोजकांना कळवला तेव्हा फोनवर जरा शांतता पसरली. "आंतरराष्ट्रीय व्यापार करार आणि स्त्री-पुरुष समानता." मग ते म्हणाले, "ताई, मार्चमध्ये ठेवूया का? महिला दिनाच्या आसपास?" त्यांचं चुकलं नाही. विषय ऐकला की वाटतं, दोन देशांचे मंत्री, मध्ये झेंडे, जाड चामडी फाईल, आणि शेवटी कुणीतरी महिला सक्षमीकरणावर चार वाक्यं बोलणार. ती चार वाक्यं असतात. पण माझा प्रश्न त्यांच्याबद्दल नाही. करारात बाई आहे का, हे मी विचारत नाही. ती कितव्या पानावर आहे आणि त्या पानावरून तिला कुणाचं दार ठोठावता येतं, हे विचारते.

आधी हातमोजे. अमेरिकेत हातमोजे आयात करणाऱ्या ओहायोमधल्या टोट्स-आयसोटोनर या कंपनीच्या लक्षात आलं की एका प्रकारच्या चामडी हातमोज्यांवर पुरुषांचे असतील तर १४ टक्के ड्यूटी, म्हणजे आयात कर, लागते आणि इतरांचे असतील तर १२.६. तेच चामडं, तीच शिलाई, बोटंही पाचच. कंपनी कोर्टात गेली. म्हणाली, हा लिंगभेद आहे, संविधानाविरुद्ध आहे. २०१० साली वरच्या कोर्टाने दावा फेटाळला. कोर्टाचं म्हणणं असं की दर वेगळे आहेत एवढं दाखवून भागत नाही, भेदभाव करायचाच हेतू होता असं काहीतरी मांडायला हवं. आता टॅरिफच्या, म्हणजे ड्यूटीच्या दरांच्या, तक्त्याचा हेतू कुठून काढणार? तो कुणी एकाने एका बैठकीत लिहिलेला नसतो. कधीतरी कुठल्यातरी कारखानदाराने रदबदली केली म्हणून एक दर, दुसऱ्याने केली नाही म्हणून दुसरा, असा तो थरावर थर साचलेला असतो.

इथे भुर्दंड पुरुषांना होता. पण सगळे कपडे एकत्र घेतले तर चित्र उलटं होतं. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगातल्या अर्थतज्ज्ञांनी २०१५ सालचे आकडे मांडले, तेव्हा बायकांच्या कपड्यांवरची सरासरी ड्यूटी सुमारे १५ टक्के निघाली आणि पुरुषांच्या कपड्यांवरची १२. त्या एका वर्षात बायकांच्या कपड्यांवर पुरुषांच्या कपड्यांपेक्षा २७७ कोटी डॉलर जास्त ड्यूटी बसली. या तक्त्यात 'स्त्री' हा शब्द समानतेच्या गप्पा मारायला आलेला नाही. तो नुसता मालाचं वर्णन म्हणून आलाय आणि मुकाट्याने पैसे गोळा करतोय.

आता थोडं मागे जाऊ, आपल्याच मुंबईत. १८७० च्या दशकात मुंबईच्या सूतगिरण्या वाढायला लागल्या आणि इंग्लंडमध्ये, मँचेस्टरच्या आसपासच्या लँकेशायरच्या गिरणीमालकांना घाम फुटला. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, हिंदुस्थानात विलायती कापडावर जी जकात आहे ती काढा. दोन, मुंबईच्या गिरण्यांत बायकामुलं किती राबतात बघा हो, त्यांच्यासाठी कायदा करा. मुंबईच्या पोरांची कणव मँचेस्टरला अचानक कशी आली, हे तेव्हाही सगळ्यांना कळत होतं. १८७५ ला मुंबईत चौकशी आयोग बसला, त्यातून लगेच काही निघालं नाही. १८८१ चा फॅक्टरी कायदा आला तो मुलांपुरता. मग १८९१ चा कायदा, त्यात बायकांचं काम दिवसाला ११ तासांवर आणलं आणि मध्ये दीड तासाची सुट्टी ठेवली. पुरुषांच्या तासांना तेव्हा मर्यादाच नव्हती.

आपल्याकडच्या राष्ट्रीय बाण्याच्या वर्तमानपत्रांनी या कायद्यांना विरोध केला. टिळकांचं 'मराठा' त्यात पुढे होतं. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता, हे लँकेशायरचं कारस्थान होतंच. पण कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे काय करत होते बघा. त्यांनी मँचेस्टरचा हेतू तपासत बसण्यात वेळ घालवला नाही. दार उघडलंय ना, मग आपला पाय आत घाला. १८८४ पासून ते गिरणी कामगारांच्या सभा घेत होते, अर्ज करत होते. १८९० च्या एप्रिलमधल्या सभेला दहा हजार कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन गिरणी कामगार बायका बोलल्या. त्या काळात, दहा हजारांसमोर. जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. उद्या रविवारी दुपारी आडवे व्हाल, तेव्हा त्या दोघींची आठवण काढा.

एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत साधारण चौथा-पाचवा हिस्सा बायका होत्या, रिळं भरायच्या खात्यात जास्त. पुढच्या काही दशकांत हा वाटा घसरत गेला. रात्रपाळीची बंदी, १९२९ चा मुंबईचा प्रसूती लाभ कायदा, मालकांचं रॅशनलायझेशन, म्हणजे कमी माणसांत जास्त काम काढणं, यातल्या कशाला किती दोष द्यायचा यावर अभ्यासक अजून भांडतात. मी त्यात पडत नाही. पण संरक्षणाचं कलम फक्त बाईलाच चिकटवलं की मालकाच्या हिशेबात ती महाग होते, एवढं गिरणगावातल्या कुठल्याही आजीने सांगितलं असतं.

आता युरोप. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला ही गोष्ट फार आवडते. १९५७ सालचा रोमचा करार. सहा देशांनी सामायिक बाजारपेठ करायचं ठरवलं. गहू, जकाती, सगळं रीतसर. आणि त्यात मध्येच कलम ११९, समान कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन. वाटतं, केवढी पुरोगामी माणसं! तसं काही नव्हतं. फ्रान्समध्ये समान वेतनाचा कायदा आधीपासून होता. त्यांच्या कापड उद्योगात बायका भरपूर होत्या. बेल्जियम आणि हॉलंडमध्ये बायकांना कमी पगार देऊन स्वस्त कापड काढता येत होतं. फ्रेंच मालकांना भीती ही की सीमा उघडल्या की शेजारचं स्वस्त कापड आपल्याला बुडवणार. म्हणून त्यांनी म्हटलं, ते कलम घाला नाहीतर आम्ही नाही येत. म्हणजे पुन्हा लँकेशायर. फक्त या वेळी सगळे गोरे होते, म्हणून कुणी त्याला कारस्थान म्हटलं नाही.

कलम घातलं आणि विसरले. अंमलबजावणीची पहिली मुदत १९६१ अखेरपर्यंत होती, सरकारांनी आपसात ती पुढे ढकलली. मग १९६६ चा फेब्रुवारी. बेल्जियममध्ये लिएज शहराजवळ एर्स्ताल नावाचं गाव आहे, तिथे बंदुका आणि काडतुसं बनवणारा मोठा कारखाना होता. आत तीनेक हजार बायका मशीनवर, तेलाने माखलेल्या, पुरुषांपेक्षा कमी पगारावर. त्यांनी काम बंद केलं. मागणी होती ताशी ५ फ्रँक वाढीची. आणि फलकांवर काय, तर समान काम, समान वेतन, आणि रोमच्या कराराचं कलम ११९! व्यापारी कराराचं कलम संपाच्या फलकावर. फ्रेंच कापड गिरण्यांच्या मालकांनी आपल्या धंद्यासाठी घातलेलं कलम शेजारच्या देशातल्या बंदुकीच्या कारखान्यातल्या बायकांनी उचललं. बारा आठवडे संप चालला. बायकांनी सुटे भाग बनवले नाहीत म्हणून पुरुषांनाही घरी बसावं लागलं. शेवटी मिळाले २.७५ फ्रँक. मागितलेल्याच्या अर्ध्याहून थोडे जास्त. आपल्याकडच्या वाटाघाटींचा अनुभव असणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल.

याच सुमाराला ब्रुसेल्समध्ये एलियान व्होगेल-पोल्स्की नावाच्या कामगार कायद्याच्या वकील बाई होत्या. त्यांना या कलमाचा दात कोर्टात तपासायचा होता. पण त्यासाठी दावा लावायला तयार असलेली बाई हवी. ती मिळाली गाब्रिएल दफ्रेन. बेल्जियमच्या साबेना विमान कंपनीत १९५१ पासून एअर होस्टेस. तिच्याबरोबर तेच काम करणाऱ्या पुरुषांना पगार जास्त, आणि तिच्या करारात लिहिलेलं की वयाच्या चाळिसाव्या वर्षी नोकरी संपेल. पुरुषांना ही अट नाही. १९६८ च्या फेब्रुवारीत दफ्रेनबाईंची नोकरी संपली.

त्या तीनदा युरोपीय न्यायालयापर्यंत गेल्या. १९७१ ला पेन्शनवर हरल्या. १९७८ ला वयाच्या अटीवर हरल्या, कारण कलम ११९ वेतनाबद्दल बोलतं, नोकरी कधी संपवायची त्याबद्दल नाही. मधल्या खटल्यात, ८ एप्रिल १९७६ ला, जिंकल्या. न्यायालय म्हणालं की हे कलम फक्त सरकारांसाठी नाही. एखादी बाई आपल्या देशाच्या कोर्टात थेट हे कलम हातात धरून उभी राहू शकते, खासगी मालकाविरुद्धसुद्धा. ब्रिटन आणि आयर्लंड तोपर्यंत आत आले होते आणि त्यांची सरकारं घाबरून सांगत होती की मागची थकबाकी द्यावी लागली तर उद्योग बसतील. म्हणून न्यायालयाने म्हटलं, बरं, आधीच दावे लावलेल्यांना सोडून बाकीच्यांना आजपासून पुढे.

दफ्रेनबाईंच्या पगारातला फरक होता १२,७१६ बेल्जियन फ्रँक. तीन वर्षांच्या पगारातला सगळा फरक मिळून. हा आकडा मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहायची. मुलं विचारायची, मॅडम, रुपयात किती? मी सांगायची, रुपयात किती ते राहू दे, किती वर्षं लागली ते मोज.

आता मेक्सिकोकडे चला. १९९४ साली अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांचा नाफ्टा करार लागू झाला. त्याला कामगारांसाठी एक जोडकरार होता, मुख्य करारात नाही, बाजूला. सीमेवरच्या कारखान्यांत, माकिलादोरांमध्ये, टीव्हीचे भाग जोडायला तरुण बायका भरती करत आणि भरतीच्या आधी लघवी तपासून गरोदर आहे का बघत. असली तर नोकरी नाही. १९९७ मध्ये संघटनांनी जोडकरारातल्या सोयीप्रमाणे अमेरिकेच्या कार्यालयात तक्रार केली. मेक्सिकोचं उत्तर, नोकरी देण्याआधी तपासणी करायला आमच्या कायद्यात मनाई नाही. मग अहवाल झाला. मग मंत्र्यांची सल्लामसलत झाली. मग १९९९ मध्ये मेरिडा शहरात परिषद झाली. परिषदेत चहा चांगला असणार.

एर्स्ताल आणि माकिलादोरा यातला फरक एवढाच की एकीकडे कलमामागे न्यायाधीश होता, दुसरीकडे परिषद. बायका दोन्हीकडे तितक्याच चिवट होत्या.

मग आली स्वतंत्र प्रकरणांची लाट. २०१६ ला चिली आणि उरुग्वेने करारात व्यापार आणि लिंगभाव असं अख्खं एक प्रकरण घातलं, जगातलं पहिलं. मग कॅनडा-चिली, चिली-अर्जेंटिना, आणि पुढे ब्रिटन, न्यूझीलंड, युरोपीय संघ. २०२० ला कॅनडा, चिली आणि न्यूझीलंडने यासाठी वेगळी व्यवस्थाच उभी केली आणि नंतर आणखी देश त्यात आले. ही प्रकरणं वाचायला छान आहेत. बायकांना प्रशिक्षण, नेतृत्व, कर्ज, उद्योजकता, आकडेवारी, अनुभवांची देवाणघेवाण. शेवटच्या कलमाकडे या. बहुतेक ठिकाणी तिथे लिहिलेलं असतं की या प्रकरणाला तंटा-निवारणाचे नियम लागू नाहीत. टोमॅटोच्या ड्यूटीवरून भांडण झालं तर लवाद बसेल, बायकांच्या प्रकरणावरून झालं तर समिती चर्चा करेल. कॅनडा-इस्रायल करारात एक अपवाद आहे, तिथे तंटा नेता येतो, पण दोन्ही देशांची संमती असेल तर. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने म्हणायचं, हो हो, करा माझ्यावर तक्रार.

डिसेंबर २०१७ मध्ये ब्युनोस आयर्सला जागतिक व्यापार संघटनेची परिषद झाली. ११८ सदस्य आणि निरीक्षक देशांनी बायकांच्या आर्थिक सक्षमीकरणाच्या जाहीरनाम्याला पाठिंबा दिला. भारताने दिला नाही. अमेरिकेनेही नाही. आपल्याकडे काहींना लाज वाटली. मी लाजले नाही आणि खूशही झाले नाही. भारताची भूमिका अशी की हा विषय व्यापार संघटनेचा नाही, आणि उद्या याच्या आडून श्रीमंत देश आमच्या मालावर मानकं लादतील. ज्याला लँकेशायर माहीत आहे त्याला ही शंका मूर्खपणाची म्हणता येणार नाही. शिवाय गंमत अशी की जगभरच्या १६० हून अधिक महिला संघटना आणि त्यांच्या साथीदारांनीही त्या जाहीरनाम्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं, मूळ करारांमुळे बायकांच्या शेतीचं, औषधांचं, सार्वजनिक सेवांचं जे नुकसान होतं त्यावर एक शब्द नाही, आणि वर गुलाबी कागद लावताय.

पण मग आपल्या बाजूनेही एक प्रश्न विचारावा लागतो. चार वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, ६७ सदस्यांनी सेवा-व्यापाराचे काही नियम ठरवले. परवाना, पात्रता, अर्ज कसे घ्यायचे वगैरे. त्यात एक ओळ आहे की परवाना देताना स्त्री आणि पुरुष यांच्यात भेदभाव करू नये. २०२४ ला ते नियम लागू व्हायला सुरुवात झाली. भारताचा त्या वाटाघाटींच्या पद्धतीलाच आक्षेप होता, काही देशांनी आपसात करार करून संघटनेच्या चौकटीत कसा घुसवायचा, हा. आक्षेप समजतो. पण आपल्या राज्यघटनेत १५ वं कलम आहे, त्यात लिंगावरून भेदभाव करू नये हे १९५० पासून आहे. जे आपण स्वतः आधीच लिहिलंय तेही जिनिव्हात, व्यापार संघटनेत, नको म्हणायचं, तर लोखंड्यांच्या पद्धतीत आणि आपल्या पद्धतीत मोठा फरक पडतो.

आणि एक उदाहरण घाईघाईत सांगते, कारण ते उलट्या बाजूचं आहे. नाफ्टाच्या जागी २०२० ला नवा करार आला. त्यात बायकांचं वेगळं प्रकरण नाही. पण कामगारांच्या प्रकरणाला दात आहेत. एका विशिष्ट कारखान्यावर तक्रार करता येते आणि त्या कारखान्याच्या मालाच्या सवलती थांबवता येतात. मेक्सिकोतल्या सिलाओमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात २०२१ मध्ये ही सोय वापरली गेली. जुन्या युनियनचा करार कामगारांनी मतदानात फेटाळला, फेब्रुवारी २०२२ ला नवी स्वतंत्र युनियन प्रचंड मतांनी निवडून आली आणि काही महिन्यांत साडेआठ टक्के पगारवाढ मिळाली. त्या युनियनचं नेतृत्व एक बाई करत होती. तिच्या विजयात ज्या कलमाने मदत केली त्यात 'महिला सक्षमीकरण' हा शब्द नव्हता.

आता घरी येऊ. २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापार करारावर सही झाली. ज्या भारताने २०१७ ला नाही म्हटलं होतं, त्याच भारताच्या या करारात व्यापार आणि लिंग समानता असं स्वतंत्र प्रकरण आहे. आपलं पहिलंच. कामगार आहेत, पर्यावरण आहे, आणि बायका आहेत. कार्यगट नेमायचा, सहकार्य करायचं, आणि हो, तंटा-निवारण लागू नाही. मी ते प्रकरण वाचलं. वाईट नाही. पण मग सवयीप्रमाणे परिशिष्टाकडे गेले, दरांच्या तक्त्याकडे. खरा करार तिथे असतो. आणि तिथे आपली कोल्हापुरी चप्पल आहे. चप्पल असं नाव नाही, चामड्याची पादत्राणं. ब्रिटनमध्ये पादत्राणांवर १६ टक्क्यांपर्यंत ड्यूटी होती, ती करारात शून्य.

सही झाली त्याच्या महिनाभर आधी मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या होत्या आणि आपल्याकडे केवढा गदारोळ झाला, तुम्हाला सांगायला नको. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आमचं, २०१९ चं, आपल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं. सगळं खरं. त्या गदारोळात मला एकच गोष्ट बोचली. चॅनेलवर चप्पल दिसली, दुकानं दिसली, तळ कापणारे, टाच ठोकणारे पुरुष कारागीर दिसले. पट्ट्यावरची वेणी कोण घालतं?

मागच्या पावसाळ्यात मी इथून जवळच्या एका गावात गेले होते. नाव सांगत नाही, त्या घरातल्या लोकांनी तसं सांगितलंय. सोप्यात नवरा तळ कापत होता. आत चुलीजवळ बाई कातड्याच्या बारीक पट्ट्या पाण्यात भिजवून वेणी घालत होत्या. बोटं इतकी भराभर चालत होती की मला मोजता येईनात. विचारलं, "वहिनी, तुम्ही काय काम करता?" त्या म्हणाल्या, "मी? काय नाही. घरातच असत्या."

नवऱ्याकडे सगळे कागद होते, एका प्लास्टिकच्या पिशवीत. आधार, उद्यमची नोंदणी, जीआयचा अर्ज. सगळीकडे त्याचं नाव. चुकीचं नाही, तोही राबतोच. पण उद्या या मालाला ब्रिटनमध्ये शून्य ड्यूटी हवी असेल तर हा माल भारतात, कुणी, कसा बनवला याचा कागद लागतो. मूळ देशाचा दाखला. मी तसले शेकडो भरलेत. त्यात उत्पादकाचा रकाना असतो, वेणी घालणारीचा नसतो.

माझ्यातल्या मास्तरणीला राहवलं नाही. मी वहिनींना करार समजावून सांगायला लागले. म्हटलं, साहेब लोकांच्या देशात तुमच्या चपलेवर शंभरामागे सोळापर्यंत कर, तो आता जाणार. त्या वेणी घालत ऐकत होत्या.

"मग ते सोळा कुणाला मिळणार?"

आता हा प्रश्न मी वर्गात इतकी वर्षं आकृत्या काढून शिकवलाय. मागणीची रेषा, पुरवठ्याची रेषा, ड्यूटीचा भार कुणावर किती. आयातदार थोडा खाईल, दुकानदार थोडा, गिऱ्हाइकाला थोडी स्वस्त पडेल, निर्यातदार काही ठेवेल. वेणीच्या जोडीमागे जो दर वहिनींना, म्हणजे खरं तर त्यांच्या नवऱ्याला मिळतो, तो कुठल्या रेषेवर ठरतो, हे त्या आकृतीत नसतं. मी गप्प बसले.

त्याच म्हणाल्या, "शनिवारी व्यापारी माल न्यायला येतोय. त्याला इचारत्या."